मुठेल

जयवंतीचा अंगठा रेशनच्या मशीनला ओळखू येत नाही.
पदराला पुसला, दुकानदाराच्या फडक्याला पुसला,
मशीन म्हणतं, पुन्हा प्रयत्न करा.
रांगेतून कुणीतरी म्हणतं, "बाये, घासून ये मगे."

घासूनच तर गेलाय.
सतरा वर्षं काजू फोडला तिने वेंगुर्ल्यात,
टरफलाचं तेल बोटांना, तेलावर राख,
राखेवर कपड्यांचा निळा साबण,
आणि रात्री इसब.
पेरांमधे पाण्याचे बारीक दाणे,
मग ते फुटणं, मग चिरा.
चिमटीत मीठ घेतलं की श्वास आत ओढायची.
तेव्हापासून आमच्याकडे आमटीत मीठ मी टाकतो.

माझे हात बघा.
तीस वर्षं लाँचची इंजिनं खोलली,
डिझेल, ग्रीस, रॉकेल,
एक पुटकुळी नाही.
देवाच्या वहीत ही खाडाखोड कुणी केली कोण जाणे.

कुडाळच्या डॉक्टरांनी मलम दिलं, म्हणाले, साबणही बदला.
कुठला घेऊ?
वास नसलेला.
बाजारात जाऊन वास नसलेला साबण मागून बघा कधी.
मेडिकलवाल्याने एक काढला,
किंमत वाचून जयवंतीनेच तो खोक्यात परत ठेवला.

मग मी भाच्याचं बारावीचं रसायनशास्त्र वाचलं, तीन पानं.
बाबल सोनाराकडून काटा आणला.
भिंतीवर खडूने लिहिलं:
पाण्यात कॉस्टिक. कॉस्टिकात पाणी कधीच नाही.
घाण्याचं खोबरेल होतं,
आणि मठच्या परबीणकाकीने दिलेलं मुठेल,
कोकमाच्या बिया कुटून, उकळून,
वर आलेलं तेल थिजताना मुठीत दाबलेला गोळा.
काकीची चार बोटं त्यात उमटलेली.
वितळवताना मला जरा चोरी केल्यासारखं वाटलं.

पहिल्या घाण्यात मी सुरंगी घातली.
बायकोसाठी करायचा, वास नको का?
संध्याकाळपर्यंत तिचे हात लालभडक.
ती काही बोलली नाही, हे जास्त लागलं.
तो साबण मी संपवला.
कितीतरी दिवस इंजिनखोलीत सुरंगी दरवळायची,
खलाशी विचारायचे, "मिस्त्री, खंय जाऊन इलास?"

दुसरा घाणा गणपती गेल्यावर.
कॉस्टिक चिमूटभर कमी,
म्हणजे थोडं तेल साबण न होता तेलच राहतं,
तेवढंच तिच्यासाठी.
फणसाच्या आठळीच्या रंगाच्या वड्या
माळ्यावर सहा आठवडे.
ती रोज खालून विचारायची,
"झालो?"
"अजून नाय."
इंजिनाला घाई करता येते. साबणाला नाही.

दिवाळीच्या पहाटे सगळ्या वाडीला उटण्याचा वास,
तिच्या हातांना कसलाच नाही.
ती ते हात नाकाशी नेऊन
बराच वेळ उभी होती मोरीच्या दारात.

बरी झाली असं म्हणणार नाही.
दोन बोटं भरून आली, उजवा अंगठा अजून अडलेला,
थंडीत पुन्हा दाणे आले, पुन्हा मलम.
रात्री ती मुठेल लावते
आणि मुलाचे जुने सुती मोजे हातांत घालून झोपते.
मी एकदा म्हटलं, दे, मी चोळतो.
"तुमचे हात नको. त्यापेक्षा कानस बरी."
आता मीही तोच साबण लावतो,
बोटांत बोटं घालता येतील इतपत.

रेशन अजून माझ्या अंगठ्यावर येतं.

काल मात्र आमटी खारट झाली.
मी मीठ टाकलं होतं, नेहमीएवढंच.
तिच्याकडे बघितलं.
ती खाली मान घालून
भात कालवत होती, उघड्या हाताने.