नववा फर्मा

शनिवार पेठेत, तळघरात, आमचं बाइंडिंग.
वर झेरॉक्स, खाली आम्ही चौघीजणी
आणि खळीचा वास.
मला कादंबरी कळली ती सोळा-सोळा पानांनी.
मोठा कागद, तीन घड्या,
वरून पट्टी दाबून फिरवायची
आणि फिरवता फिरवता दिसेल तेवढं वाचायचं.
पहिला फर्मा बहुतेक हौसाक्काकडे जातो,
म्हणून माझ्या गोष्टी मधूनच सुरू होतात :
कुणीतरी आधीच रडून बसलेलं असतं,
कारण हौसाक्काच्या गठ्ठ्यात.

मालक म्हणतात, विमल, वाचतेस म्हणून तुझा हात मंद.
खरंय. पण कुठला गठ्ठा कशाचा
हे मला विचारावं लागत नाही.
सगळे सारखे घड्याळ बघतात, ते रहस्य.
दारावर तीन ओळी खर्चल्या, की भूत आलंच.
राजाच्या नावापुढे विशेषणांचे चोपदार चालू लागले
की जाड पुठ्ठा, सोनेरी अक्षरं, दर वेगळा.
आणि जिथे कुणी फारसं बोलत नाही,
नुसती भाजी निवडतात,
तरी माझी पट्टी थांबते,
त्याला काय म्हणायचं?
मालक चष्म्यावरून बघून म्हणाले, सामाजिक.

दिवाळीआधी घाई होती.
दोन कादंबऱ्या एकदम आल्या, कागद एक, टाइप एक,
दोघींचे नववे फर्मे शेजारी शेजारी.
चूक कुणाची ते सांगत नाही.
माझी.

जानेवारीत एक गृहस्थ जिना उतरून आले,
वाकून, कारण चौकट बुटकी.
लोणकर, बिबवेवाडी. जकात नाक्यावर कारकून होते, आता घरीच.
पिशवीतून पुस्तक काढलं, खुणेला बसचं तिकीट.
मालकांनी आधीच हात जोडले : बदलून देतो.

"थांबा हो," ते म्हणाले.
"एकशे अठ्ठावीसला सुलभा चहा टाकायला आत जाते.
एकशे एकोणतीसला इन्स्पेक्टर रुमालात चाकू उचलतो.
मग सोळा पानं तपास. खून कुणाचा, पत्ता नाही.
एकशे पंचेचाळीसला ती कप घेऊन बाहेर येते
आणि सासऱ्यांना म्हणते, साखर कमी आहे.
दचकलो मी त्या वाक्याला.
पुढची दीडशे पानं ती कपबशा विसळते, कपडे वाळत घालते,
आणि मी आपला तिच्या हातांकडे बघतोय."

"ती चूक आहे," मालक म्हणाले.

"असेल.
आमची सूनही रोज आत जाते, बाहेर येते.
मधली पानं मी कुठे मागितली कधी?"

वर झेरॉक्स चालूच होतं.
मी रद्दीतून खरा नववा फर्मा शोधला,
घडी घालून दिला. शिवू का, विचारलं.
"नको, सुटाच राहू दे."
त्यांनी तो सदऱ्याच्या खिशात ठेवला,
पैसे किती, म्हणाले,
नाही म्हटल्यावर जरा रागावले,
आणि चौकटीला डोकं आपटून गेले.

पण मला खरी टोचणी लागलीय त्या दुसऱ्या पुस्तकाची.
ते घेऊन कुणीच आलं नाही.
म्हणजे कोथरूडला म्हणा, हडपसरला म्हणा,
कुणीतरी रात्री दीड वाजता
खुन्याच्या मागे धावत धावत पान उलटलं
आणि समोर एक बाई, ओट्याशी उभी.
दूध तापतंय. ती साय बाजूला काढते.
डबा उघडते, साखर संपत आलीय.
वाचणारा श्वास रोखून प्रत्येक चमचा मोजत असणार.

मी तो फर्मा दुमडताना वाचलाय.
त्यात काहीच घडत नाही.
शेवटाकडे ती एकदा खिडकी उघडते,
बराच वेळ बाहेर बघते, परत लावून घेते.
का, ते दहाव्या फर्म्यात असेल असं वाटलं मला.

दहावा कुणाकडे गेला, कोण जाणे.