तीन भोंगे

सोहारच्या व्हिलावर बाईंना भोंगे हवेत तीन:
गेटवर, गच्चीवर, मागे खजुरांपाशी.
पॅनलमधून जेमतेम एक अँपिअर निघतो.
पहिला ओरडला, दुसरा घोगरला,
तिसऱ्याने नुसतं खाकरून घेतलं
आणि पॅनलचे डोळेच मिटले.

हमदुलेचाचा शिडी धरून म्हणाले,
"एका पगारावर तीन चुली, दुसरं काय!"

मग रिले बसवला. वेगळा सप्लाय, वेगळी बॅटरी.
पॅनलने आता फक्त बोट हलवायचं,
ओरडायचं बळ दुसऱ्याचं.

दुपारी चाचणी. पारवे उडाले.
शेजारच्या भिंतीवरून कुणी डोकावलंही नाही.
बाई खूश. वेलचीचा चहा आला.

रात्री खोलीवर, आठ जणांत, माझी पेटी
सुतळीने बांधलेली.
तिच्यात लेकीचा दुधाचा दात आहे.