फुटाला एक सूत

जुलै निम्मा सरला, आणि मी टेबल टाकून बसलोय
कॉलेजच्या जिन्याखाली.
'प्रवेश मार्गदर्शन कक्ष' असा कागद समोर डकवलाय,
त्याची चिकटपट्टी दर तासाला सुटते.

मी संख्याशास्त्र शिकवतो. तासावर.
शिकवलं तर पैसे, सुट्टी आली तर नुसतीच सुट्टी.
सेट झाली, पीएच.डी. झाली,
वेळापत्रकात माझं नाव अजून पेन्सिलीनं लिहितात.
यंदा अर्ज आलेत अकरा.
वीस झाले नाहीत तर विषय बंद,
असं प्राचार्य म्हणाले. चहा पाजून म्हणाले.

बाराच्या सुमाराला वैभवी आली,
मागं तिचे वडील, बाबासो सुतार, उद्यमनगर.
हातात प्लॅस्टिकची फाईल: दाखला, व्हॅलिडिटी,
नॉन-क्रिमीलेअरच्या चार झेरॉक्स.
"सर, हिला कॉम्प्युटरला सीट लागल्या.
ते ए.आय. का काय, ते बी हाय त्यात.
पाचच्या आत फ्रीज करायचं हाय.
आन् ही म्हणत्या, मला आकडेच शिकायचेत."

मी तोंड उघडलं, आणि मिटलं.
ती आली तर बारा.
बारा म्हणजे वीस नव्हेत,
पण अकराही नव्हेत.

मग बोललो, बोलायचं ते. पॅकेज, फी, हप्ते,
सरासरीवर विश्वास ठेवू नका, असंही.
रंकाळ्याची सरासरी खोली कमरेएवढी निघाली
तरी माणूस बुडायचा राहत नाही.
हा विनोद मी दरवर्षी पहिल्या तासाला करतो.
बाबासो हसले नाहीत.
त्यांनी पिशवीतनं एक पोलादी पट्टी काढली,
कडा झिजलेली, टेबलावर ठेवली.

"मी लाकडाचे पॅटर्न करतो, फौंड्रीला.
ही पट्टी फुटाला एक सूत मोठी हाय.
लोखंड वतलं की गार होताना आकसतंय,
म्हणून साचा आधीच मोठा धरायचा.
पितळ असलं तर दीड सूत.
आता माझ्या डोळ्यादेखत मशीन पॅटर्न कापतंय,
पर घट त्यालाबी सांगावी लागत्या.
म्हटलं, सरास्नी इचारू.
पोरगी कॉलेजात वतली,
तीन का चार वर्सांनी भायेर काढली,
तर किती आकसंल?
किती धरू?"

"पप्पा," वैभवी म्हणाली. एवढंच.

तीन की चार, तेही मला नक्की सांगता येईना.
परिपत्रक दोनदा बदललंय.

मी म्हणालो, "हे बघ, माझे तास तुझ्यावर आहेत.
तेव्हा माझं ऐकू नकोस."
तिनं पहिल्यांदाच सरळ बघितलं.
"सर, तुम्ही परत हाच विषय घेतला असता?"

चिकटपट्टी सुटली. कागद लोंबला.
मी उठून तो परत डकवला,
अंगठ्यानं दाबत राहिलो,
लागतो त्यापेक्षा जास्त वेळ.
"घेतला असता," मी कागदाकडे बघून म्हणालो,
"पण पगाराचं विचारू नकोस."
त्यावर मात्र बाबासो हसले.

पावणेपाचला वडिलांचा फोन घेऊन
ती जिन्याच्या सहाव्या पायरीवर जाऊन बसली.
आम्ही दोघं खाली, बिनकामाचे,
एकमेकांना विचारत: शिरोलीला हल्ली काम कसं आहे,
गाडी कुठं लावली.
पाच वाजून गेले. ती उतरली.
काय दाबलं, काय सोडलं, कुणीच बोललं नाही.
तिनं फाईल छातीशी धरली
आणि दोघं फाटकाबाहेर गेले.

पट्टी राहिली.

मी टेबल मोजलं. कमी भरलं.
खुर्ची, खिडकीची चौकट, माझी वीत,
सगळंच कमी.
वस्तू होत्या तेवढ्याच होत्या,
पट्टी तेवढी जास्तीची आस धरून बसलेली.

उद्या ते न्यायला येतील.
तोवर नव्या हजेरीपटावर
त्याच पट्टीनं रेघा मारल्या,
अकरा नावं लिहिली,
आणि त्यांच्याखाली एक ओळ,
बाकीच्यांपेक्षा सूतभर मोठी,
पेन्सिलीनं.