टिकली

बोलताना डोळ्यांत बघावं म्हणे.
मी टिकलीत बघते.
समोरच्याला फरक कळत नाही.
आमच्या डहाणूकर कॉलनीतल्या टिकल्या मला पाठ आहेत:
बर्वेवहिनींची मरून, सोमवारी हमखास डावीकडे सरकलेली,
बँकेतल्या सुनेत्राची काळी, तिळाएवढी.
पुरुषांसाठी चष्म्याची दांडी.
चष्मा नसेल तर अवघड जातं.

हसू उसनं आहे.
नववीत हेमांगी दातारकडून घेतलं,
मधल्या सुट्टीत, तिला न विचारता.
आधी ‘अय्या’, मग श्वास आत, मग तीन ठोके.
मोरीत नळ सोडून सराव केला.
तीस वर्षं चाललं, टिकाऊ निघालं.
परवा कर्वे रोडला एका लग्नात
ती मागच्याच टेबलावर होती.
मी हसले, तिनं वळून पाहिलं,
आपल्या नावानं दुसऱ्याच कुणाला हाक मारल्यासारखं.
मग तीही हसली. वेगळंच.
तिनं हसू कधीच बदललं होतं,
मला कुणी कळवलं नाही.

डॉक्टर म्हणाल्या, ‘ऑटिझम. त्रेचाळीस वर्षं!
किती छान लपवलंत तुम्ही.’
बक्षीस समारंभातला आवाज होता.
मी टिकलीत बघून थँक्यू म्हटलं.

घरी आल्यावर ट्यूब लावत नाही.
फ्रिजच्या गुरगुरीला पाठ टेकून
फरशीवर बसते आणि डोलते.
सतीशला ठाऊक आहे,
तो कुकर उशिरा लावतो.
हे सगळं सोलत गेलं तर आत कोण,
असं मीच मला विचारते.
कांद्याचं उदाहरण देऊ नका,
मला तो वास सहन होत नाही.

जूनमध्ये कुमुदमावशीचे यजमान गेले.
सहकारनगरच्या बसमध्ये वाक्यं जुळवली:
धीर धर. काही लागलं तर हक्कानं सांग.
तिनं दार उघडलं. कपाळ रिकामं.
स्वतः काढली की कुणी काढायला लावली,
हे विचारायचं नसतं.
पण मला बघायला जागाच उरली नाही.
नजर घसरली ती थेट डोळ्यांत,
आणि वाक्यं गेली.
‘तुझ्या उजव्या डोळ्यात हिरवा ठिपका आहे,’
एवढंच म्हणाले.

माझा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत होता,
वर, खाली, वर.
ती बघत राहिली.
‘लहानपणी करायचीस हे,’ म्हणाली.
‘मग मोठी झालीस.’

ती चहा टाकायला गेली.
मी बेसिनपाशी हात धुतले, दोनदा.
आरशाच्या कडेला तिची एक टिकली
तशीच चिकटलेली होती, लाल, कडा उचकटलेली.
मी जरा वाकले, जरा सरकले,
ती बरोबर माझ्या कपाळावर येईपर्यंत.
सवयीनं तिच्यात पाहिलं.

मग थोडं खाली.