कामाचं तेवढं टाक

मानवतच्या स्टँडसमोर, रसवंती आणि चपलांच्या दुकानाच्या मधे
साडेचार फूट रुंद माझं दुकान.
बोर्डावर 'मुजीब मोबाईल', त्यातला शेवटचा 'ल' उन्हानं खाल्लेला.

धुरपतामावशी आली
फोन पिशवीत, पिशवी पदरात, पदर मुठीत.
पोरानं पुण्याहून पाठवलेला जुना फोन, कोपऱ्याला तडा.
म्हणाली, ह्याच्यात कामाचं तेवढं टाक,
बिनकामाचं झाडून काढ.
वाचता येत नाही मला. आकडे येतात.

झाडलं.
पोराचे तीन रम्मी निघाले, एक कर्ज देणारं,
एक तोंड गोरं करणारं.
थांब, म्हणाली, ते कसं करतंय बघू.
फोटो काढला, गोरा केला.
बराच वेळ बघून म्हणाली,
कोण बाई ही? काढ तिला.

मग मी सुरू झालो. मला तोंडाची सवय आहे.
हे भिंग, मावशी, गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख मोठी दिसते.
—मोठी झाली म्हणून वाचता येईल का रे?
हे हवामानाचं.
—आभाळाला छत घातलंय का कुणी?
हे पैसे पाठवायचं, बोटाच्या टोकावर.
—बोट ओलं करून मोजलेले बरे.
हा गजर. नळ अकराव्या दिवशी येतो, तोही रात्री अडीचला...
—हे राहू दे.

एक चौकोन रिकामा दिसत होता म्हणून
आवाज टिपायचं टाकलं.
लाल टिकली दाबली की ऐकतं, परत दाबली की गप्प.
मावशीनं दाबली. म्हणाली, मी धुरपता किसन उफाडे,
शाळेत खिचडी शिजवते.
फोननं तेच परत सांगितलं.
ती हसली नाही. आणखी एकदा ऐकलं.
वीस रुपये दिले, वर उकडलेल्या शेंगांचा पुडा.

संक्रांतीनंतर आली. फोन भरलाय म्हणे, घेत नाही.
उघडला. एकसष्ट तुकडे.
एक लावला: पातेल्यावर पळीचा आवाज,
मागं कुणी पोरगं खोकतंय, मग मावशी,
कोर्टात उभी असल्यासारखी—
आज बेस्तरवार. ताटं सत्त्याण्णव.
तांदूळ साडेनऊ किलो. दाळ दीड. तेल संपलं.
दुसरा लावला: सोमवार. ताटं एकशेचार. वटाणा आलाच नाही.

हे कशाला, मावशी?

गुरुजींच्या वहीत रोज एकशे साठ जेवतात.
माझ्या पातेल्यात तेवढी मावत नाहीत.

आता गुरुजी माझं गिऱ्हाईक.
त्यांच्या फोनची काच मीच बसवलेली, दोनदा.
दुकानात पंखा फिरत होता आणि मला घाम.
एवढंच केलं:
एकही तुकडा पुसला नाही.
नवं कार्ड घातलं, पैसे सवडीनं दे म्हणालो,
आणि हातातला बारीक स्क्रू खाली पडला तो
अजून सापडलेला नाही.

पुढचं ऐकीव आहे.
तपासणीला साहेब आले. जबाब लिहून झाला,
मावशीला न विचारताच.
शाईची डबी पुढं सरकवली, इथं अंगठा.
मावशीनं फोन टेबलावर ठेवला,
अंगठा टिकलीवर दाबला
आणि म्हणाली, हं, वाचून दाखवा साहेब. सावकाश.

गुरुजींचं काय झालं, कुणी एक सांगत नाही.
बदली म्हणतात, रजा म्हणतात.
माझ्याकडं आले नाहीत.
वहीत हल्ली अठ्ठ्याण्णव असतात, कधी शंभर.

बुधवारच्या बाजाराला बाया येतात,
कोल्ह्याच्या, रुढीच्या, तिकडच्या पार नदीकाठच्या.
धुरपताचं ते टाक, म्हणतात.
मी नाव सांगू लागतो, त्याचे फायदे,
किती जागा घेतं, फुकट आहे की नाही—
त्या हातानं थांबवतात.
नाव ऱ्हाऊ दे भाऊ.
टिकली कुठंय ते दाखव.