देवघेव

आत ये. चपला काढू नकोस, हे देऊळ नाही,
पिशवी मात्र तिथं खणात ठेव
आणि बिल्ला जप;
हरवलास तर पन्नास रुपये, वर मगदूमचं तोंड बघावं लागतं.

ओळखपत्र दाखव. फोटो जुना असला तरी चालतो,
माझ्यावरचा बारा वर्षांपूर्वीचा आहे.
एका वेळी दोन पुस्तकं, चौदा दिवस.
चिठ्ठीवर दाखलांक लिही, नुसतं नाव नको:
एका नावाची दहा पुस्तकं असतात,
दाखलांक ज्याचा त्याचा.
लाल पट्टीचं घरी जात नाही.
दंड दिवसाला रुपया.
पंधराव्या दिवशी मी फोन करत नाही,
विसाव्या दिवशी करते.

काय म्हणालास? आम्ही काय वाचतो?
हे कुणी विचारत नाही. वायफायचं विचारतात.

शिकलगार मॅडम सूची करता करता
प्रस्तावना तेवढ्या वाचतात.
म्हणतात, लेखक तिथंच काय ते खरं बोलतो,
पुढं गोष्ट सुरू होते.
बिरनाळे सरांच्या खालच्या खणात
मधमाश्यांवरचं एक पुस्तक असतं;
निवृत्तीला अकरा महिने, आणि बेडगला अर्धा एकर.
मगदूम पेपरातला हळदीचा भाव वाचतो, मोठ्यानं,
जणू आम्हा सगळ्यांची पोती बाजारात आहेत.
नदाफ बांधणी करतो. त्याच्याकडं पुस्तक येतं ते सुटलेलं,
त्याला कुठल्याच गोष्टीचा आरंभ ठाऊक नाही,
मधलं सगळं तोंडपाठ.

आणि एक आम्ही मिळून वाचतो.

ते तुला मिळणार नाही, आधीच सांगते.
त्या ऑगस्टात, एक तारखेला,
सांगलीवाडीची एक मुलगी ते घेऊन गेली.
शिक्का माझ्याच हातचा.
मग आयर्विन पुलापाशी फुटांचे आकडे चढत गेले
आणि कितीतरी दिवस आम्ही आकडेच वाचले.
ती आली ऑक्टोबरात.
घरातलं काय काय गेलं, बोलली नाही.
दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं पुस्तक काउंटरवर ठेवलं,
भाकरीसारखं फुगलेलं, पानापानांत गाळ,
कव्हर नाही, नाव नाही,
आणि म्हणाली, मॅडम, दंड किती झाला?

एकसष्ट रुपये. माझा हिशेब मनात झालासुद्धा होता,
मेली सवय.
सरांनी नोंदवहीत लिहिलं, परत आले.
पुढचा रकाना कोरा.
लेखापरीक्षक दर वर्षी त्यावर बोट ठेवतात,
दर वर्षी सर म्हणतात, बघू.

बाद करायचं होतं. नदाफनं केलं नाही.
शनिवारी, काम हलकं असलं की
हाडाच्या पट्टीनं तो पान सोडवत बसतो.
कधी एक निघतं, कधी अर्धं,
कधी नुसताच गाळ.
निघालं, तर दीड वाजता डबे उघडून
शिकलगार मॅडम ते वाचून दाखवतात.

एक माणूस म्हैस विकायला निघालाय.
वर्षं झाली, वाटेतच आहे.
अक्काताई झाडू टेकवून उभी राहते;
तिचं म्हणणं, तो काय विकत नाही, बघा तुम्ही.
मगदूमनं म्हशीचा भावसुद्धा काढून ठेवलाय.

शेवटची पानं म्हणजे नुसता लगदा.
दाखलांक टाकला तर नाव मिळेल,
दुसरीकडं कुठं चांगली प्रतही असेल.
मॅडमच्या हाताखाली अख्खी सूची आहे.
त्या बघत नाहीत.
आम्हीही त्यांना बघा म्हणत नाही.

शनिवारी ये हवं तर, डबा घेऊन.
त्याला ओळखपत्र लागत नाही.

बरं, तुझं काय होतं? संख्याशास्त्र.
तळमजला, डावीकडं, भिंतीपासून तिसरं कपाट.
खालचे दोन कप्पे रिकामे दिसतील,
तिथं आता आम्ही काही ठेवत नाही.
दिवा लाव. येताना बंद कर.