धाव

नकाशावर चार उंचवटे.
अठ्ठावीस, एकतीस, एकोणतीस पावलं;
चौथा अर्धा उसात गेलेला.
भोगावतीच्या काठी इतकी माती
कुणी उगाच रचत नाही.

घोरपडे सर म्हणाले, बुरूज.
जेवल्यावर म्हणाले, हत्तींचा तळ असावा.
खापरं शिलाहारांच्या काळातली, एवढंच नक्की.
बाकी सगळं मी पेन्सिलीनं लिहिलं,
पुढं प्रश्नचिन्ह.

तिसऱ्या दिवशी सदबा चौगले
वैरणीचा भारा बांधावर टाकून
आमच्या दोऱ्या ओलांडत आत आला.
उंचवट्याच्या पायथ्याशी उभा राहिला
आणि माथ्याकडं पाठ करून
उलटा चढू लागला.

"आजोबा, पडाल."
"ह्यावर न्हाई पडायचो."

टाचा न बघता वर जात होत्या.
जीभ टाळ्याला, टक् टक्.
कासरा नव्हता,
मूठ मात्र आवळलेली.

"मोटंची धाव हाय ही, सायेब.
चारी अंगानं चार मोटा.
मधी हीर. बुजलीया."
मग डावीकडं टाच आपटून,
"थारोळं हितं असंल. बघा उकरून."

दीड हातावर दगड लागला,
काठाला सोंदुरानं कापलेली खाच.
सदबाचा अंगठा तिच्यात अख्खा बसला.
तो काही बोलला नाही. भारा उचलायला
कुणीतरी हात लावा, एवढंच म्हणाला.

संध्याकाळी तंबूत खोडरबर घेतलं.
उताराला बाण एकच काढायचा असतो,
वरून खाली, असा नियम आहे.
मी दोन काढले.